दहाचा अंदाज

दर सहा तासांनी नवा अंदाज येतो,
वादळ जवळ आलं की दर तीन तासांनी,
कळांसारखा, मधलं अंतर खात.
माझ्या बर्फाच्या कारखान्यात टीव्ही आहे, जनरेटर आहे,
म्हणून कोकोड्रीचा सगळा धक्का इथे,
कोळंबीच्या उलट्या क्रेटांवर.
तीन दिवस झाले, बोटी बांधून
ते वादळ हाकतायत.

एल्मो पित्रची युरोपच्या गणितावर श्रद्धा.
म्हणतो, त्यांची रेघ सरळ येते,
देणेकऱ्यासारखी तोंड चुकवत नाही.
त्याचा जावई अमेरिकन गणितवाला.
सासऱ्याशी दुसऱ्या कशावरून भांडता येत नाही त्याला,
बोट सासऱ्याची आहे.
पडद्यावर वीसेक रेघा, फाटक्या जाळ्याच्या दशा;
जो तो आपल्या सोयीची उचलतो.

रेघांभोवती पांढरा शंकू,
मुळाशी अरुंद, पुढे पसरत गेलेला.
मला तो दरवेळी सुपासारखा दिसतो.
टेक्सासच्या टोकापासून अलाबामापर्यंत
सगळे सुपात.
जात्यात कोण, यावर कॉफीचे तीन थर्मास संपले.

अझेलीबाई वाद घालत नाहीत.
त्यांच्याकडे वाण्याची तपकिरी कागदी पिशवी आहे,
तिच्यावर आखाताचा नकाशा छापलेला.
तो वाणी दुकान बंद करून गेला त्याला वीस वर्षं झाली.
रेडिओ सांगतो: चोवीस पूर्णांक एक उत्तर,
सत्त्याऐंशी पूर्णांक चार पश्चिम.
सुरीने पेन्सिलीला टोक काढून
त्या एक ठिपका देतात.
पुढची रेघ कधीच ओढत नाहीत.
"इथवर आलं, एवढं मला माहीत," म्हणतात,
"पुढचं त्यालाच विचारा."

वेव्हरली नाकँ दाराशी उभा असतो.
त्याचं बेट समुद्राने आधीच नेलंय,
एका वर्षी बांध, एका वर्षी अंगण,
एका वर्षी आईने लावलेलं अंजीर,
वारासुद्धा न सुटता.
त्याचा अंदाज कुणी दर सहा तासांनी दिला नव्हता.

रात्री दहाला शंकू हलला.
पूर्वेकडे. तीस मैल.
एल्मोने क्रेटवर थाप मारली, पाठोपाठ जावयानेही,
तीन दिवसांत पहिल्यांदा दोघांचं एकमत.
कुणीतरी म्हणालं, जा बाई जा, अलाबामाला जा,
चिकट पाहुणीला वाटेला लावावं तसं.
मीही हसले. खोटं कशाला बोलू.

थुआन हसला नाही.
बायू ला बात्रला त्याचा भाऊ आहे,
भावाची बोट आहे, हप्ते फिटायचेत अजून.
बर्फाच्या खोलीत जाऊन तो फोन करून आला,
भुवयांवर दव घेऊन.
म्हणाला, "दुपारी चारला ते पश्चिमेला सरकलं होतं ना,
तेव्हा तिकडेही टाळ्या पडल्या.
भाऊ म्हणतो, तुमची आठवण झाली होती रे.
पण आधी टाळ्या वाजवल्या."

मग कुणी बोललं नाही.
कंप्रेसर तेवढा घरघरत राहिला.
जावई टीव्हीचा आवाज कमी करायला उठला
आणि तो आधीच कमी होता, तर नुसताच उभा राहिला.

बऱ्याच वेळाने एल्मोने चाळीस लाद्या मागितल्या. उधार.
इथे आलं तर आपल्याला लागतील,
तिथे गेलं तर ट्रकने पोचवू म्हणाला,
थुआनकडे न बघता,
जणू बर्फाशीच बोलतोय.
मी वहीत नाव लिहिलं, आकडा लिहिला.
परतफेडीच्या रकान्यात काय लिहावं सुचेना.
अझेलीबाईंनी काही न विचारता
आपली पेन्सिल पुढे केली.
तिथे मी एक ठिपका दिला.

एकचा अंदाज यायला अजून पावणेदोन तास होते.